हानाची हजेरी

गुलबर्ग्याच्या कॉलेजात पोरं मला हिटलर मॅडम म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागं. पण माझे कान तिखट आहेत, व्हरांड्याच्या त्या टोकाला बोललेलं मला या टोकाला ऐकू येतं. आता यातली गंमत कळायची तर मी शिकवत काय होते ते सांगायला हवं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहासात एक ऐच्छिक पेपर होता, युरोपातल्या ज्यूंच्या संहाराचा इतिहास. तो माझा. म्हणजे वर्गात मी त्या माणसानं काय केलं ते सांगायची, आणि बाहेर पोरं एकमेकांना सांगायची, "पळा रे, हिटलर आली."

आमच्या भागात हे नाव राहिलंच नाही, ते विशेषण झालंय. छडीवाला हेडमास्तर हिटलर, सुट्टे पैसे नसले की खाली उतरवणारा कंडक्टर हिटलर, आणि सुनेला चहात साखर घालताना हात आखडणारी सासू तर हिटलरच हिटलर. त्यात कुणाच्या मनात वाईट नसतं. माझे शेजारी अर्थशास्त्राचे बिरादार सर मला समजवायचे, "मॅडम, मनाला कामून लावून घ्यायलाव? मान हाय तो. मला बघा, इतकी वर्सं झाली, पोरं मला काहीच म्हनत न्हाईत." आणि खरोखर त्यांना त्याचं वाईट वाटायचं. मी चिडकी बाई. मी म्हणायची, सर, हवं तर तुम्ही घ्या ते नाव, वर पेढे देते.

हे नाव मला लागलं हजेरीमुळं. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्यांसाठी सांगते. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि आमची निम्मी पोरं औराद, आळंद, हुलसूर अशा गावांहून आलेली. गावात लग्न निघालं, तुरीची रास आली, बस चुकली, की पोरगं गायब. मग त्याचा जोडीदार त्याच्या नावाला "येस मॅडम" म्हणतो. याला म्हणतात प्रॉक्सी. कॉलेजात शिकलेल्या बहुतेकांनी ती दिलेली असते आणि बहुतेक मास्तरांनी ती चालवून घेतलेली असते. मी नाही घेतली. मला घसा ओळखू येतो. एकदा आवाज कानात बसला की तो माणूस सर्दीनं बोलो की नाकात बोलो, मला चुकवू शकत नाही. प्रॉक्सी पडली की मी मान वर न करता चष्म्याच्या वरून बघायची आणि ज्याचा घसा असेल त्याचं नाव घ्यायची, पूर्ण, गावासकट. वर्ग गार. मग मी म्हणायची, "हं, मुंदे." मुंदे म्हणजे कन्नडात पुढं. माझं शिकवणं मराठी-कन्नड-इंग्रजीच्या खिचडीत, चिडणं दखनी उर्दूत आणि हजेरी कन्नडात, असा सगळा कारभार होता.

बाकीचे मास्तर नंबरानं हजेरी घ्यायचे. रोल नंबर अमुक, रोल नंबर तमुक, दोन मिनिटांत काम संपतं. मी माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव, असं सगळं घ्यायची आणि उत्तराची वाट बघत उभी राहायची. वेळ जायचा, प्राचार्य कुरकुरायचे. पण तुम्हीच सांगा, छावण्यांत माणसांची नावं काढून घेतली, नंबर दिले, कुठं ते हातावर गोंदले आणि थंडीत तासन्‌तास उभं करून त्या नंबरांची हजेरी घेतली. हे ज्या वर्गात शिकवायचं त्याच वर्गात मी "रोल नंबर सेव्हन" म्हणून हाक मारू? माझ्या तोंडून ते निघत नव्हतं.

"गुलबर्ग्यात बसून ज्यूंचा इतिहास कामून?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की त्याचं एकच उत्तर मी कधी ठेवलं नाही. डाळ मिलच्या मालकाला एक सांगायची, विद्यापीठातल्या साहेबाला दुसरं. ॲडमिशनच्या वेळी एका पोराची आई भोळेपणानं विचारून गेली, "मॅडम, ज्यू म्हंजे आपल्यातलेच का?" मी म्हटलं, बाई, कोकणात होते ना, मराठी बोलणारे, तेलाचा घाणा चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. "मंग आपल्यातलेच की," ती म्हणाली आणि पोराच्या अर्जावर अंगठा उठवून गेली. त्या पेपराची याहून चांगली प्रस्तावना मला कुठल्या ग्रंथात मिळाली नाही.

खरं उत्तर माझ्या अप्पांनी दिलं होतं. अप्पा कोहिनूर गावचे, आयुष्यभर शेतात. मी हा पेपर घेतला तेव्हा त्यांनीही तेच विचारलं, लांबचं दुखणं कशाला आणायलीस घरात. मी त्यांना पोलंडमधल्या एका गावाची गोष्ट सांगितली. आपल्या तालुक्याच्या गावाएवढं गाव, बाजाराचा चौक, त्यात धान्याचा एक व्यापारी. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. एके सकाळी शिपाई त्या व्यापाऱ्याला बायकापोरांसकट घेऊन निघाले तेव्हा शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. काहींनी तर संध्याकाळी जाऊन घरातली कपाटं उचलून आणली. अप्पा तंबाखू मळत होते. हात थांबला.

"शेजाऱ्यानं दार लावलं व्हय?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "रझाकारीत आमाला शेजारच्या चाचानं कणगीमागं लपवलं हुतं. मी लहान हुतो. मंग फौज आली, वारं फिरलं, तवा तुझ्या आज्जानं चाचाला आन् त्याच्या लेकरांना आपल्या कणगीमागं लपवलं." तंबाखू तोंडात टाकून ते उठले. "शिकव," म्हणाले.

हे दोन्ही एका तराजूत घालायचं नाही, हे मी पहिल्या तासालाच पोरांना बजावायची. तिकडं एका सरकारनं कागदपत्रं करून, रेल्वेचं वेळापत्रक लावून, एक अख्खी जमात पृथ्वीवरून पुसायचं ठरवलं होतं, आणि आजीपासून तान्ह्या लेकरापर्यंत कुणाला सोडायचं नव्हतं. त्याला दुसऱ्या कशाची उपमा देऊन मोकळं होऊ नका. पण शेजारी तो शेजारी. दाराशी उभं राहून काय करायचं, हा प्रश्न नुसता पोलंडचा नाही आणि नुसता कोहिनूरचाही नाही.

शिकवायची माझी रीत सांगते. प्रेतांचे फोटो मी पहिल्या दिवशी दाखवत नसे. पोरं रडतात, रडून मोकळी होतात आणि कँटीनला जाऊन भजी खातात. मी सुरुवात करायची त्या गावापासून. वाचलेल्यांनी मागं ठेवलेल्या साक्षी वाचून मी ते गाव मनात उभं केलं होतं, गल्लीगल्लीनं. भट्टी कुठं, शाळा कुठं, लग्नं कुठं लागायची. मग प्रत्येक पोराला त्या गावातलं एक माणूस द्यायची. वर्षभर ते माणूस त्याचं. त्यानं काय खाल्लं, कशावर चिडला, त्याच्या दुकानाची पाटी कधी उतरवली, बागेतल्या बाकावर बसायची बंदी कधी आली, सायकल कधी काढून घेतली, हे सगळं त्या पोरानं शोधून वर्गाला सांगायचं. अट एकच. त्याचं सोंग घ्यायचं नाही. "मी अमुक" असं म्हणायचं नाही, "माझा अमुक" म्हणायचं. मेलेल्याचं नाटक केलं की टाळ्या आपल्याला मिळतात, त्याला काही मिळत नाही.

सगळ्यांवर गुण यायचाच असं नाही. एका पठ्ठ्यानं वर्षभर माझ्यासमोर बसून शेवटी उत्तरपत्रिकेत लिहिलं, त्या नेत्याचे काही निर्णय चुकले तरी त्याची शिस्त आणि देशप्रेम घेण्यासारखं आहे, अशा कडक माणसाची आज आपल्याला गरज आहे. मी ती उत्तरपत्रिका घेऊन बिरादार सरांच्या टेबलावर आपटली. ते वाचून म्हणाले, "अक्षर चांगलं हाय." त्या दिवशी मी जेवले नाही. मग लक्षात आलं, पोराचं काय चुकलं? ज्या गावात हिटलर म्हणजे कडक आणि कडक म्हणजे चांगलं, त्या गावात वाढलाय तो. आणि त्या नावाची मॅडम रोज त्याच्यासमोर उभी होती.

त्या दिवसापासून त्या नावाशी माझं वैर सुरू झालं. निवृत्तीच्या आधी ते नाव मरावं, एवढी एकच इच्छा. बाकी मला काही नको होतं.

आणि नेमका विश्वनाथ माझ्या वर्गात आला.

विश्वनाथ माणिकराव, हुलसूर. बी.ए.पासून सगळं कॉलेज त्याला ओळखत होतं. देवानं त्याला गळा दिला होता आणि त्या गळ्यात अख्खा जिल्हा. अडत बाजारात तुरीचा सौदा करणारा, बसचा कंडक्टर, प्राचार्य, प्राचार्यांच्या मिसेस, सगळे त्याच्यात राहायचे. आणि दर वर्षी गॅदरिंगला त्याचा ठरलेला आयटम, हिटलर मॅडम. माझ्यासारखी सुती साडी, नाकावर चष्मा, आणि ओठावर काजळाची चौकोनी मिशी. दार धाडकन लावायचा, हजेरी घ्यायचा, प्रॉक्सी पकडायचा. समोरची सगळी पोरं हात ताठ वर करून सलामी द्यायची. मांडव हसून फुटायचा. मी पहिल्या रांगेत बसून ते बघायची. खोटं कशाला बोलू, नक्कल उत्तम होती. मलाच ऐकताना वाटायचं, अगं बाई, मी इतकी खडूस आहे? पण ती मिशी. माझ्या चेहऱ्यावर, त्या माणसाची.

त्यानं माझा पेपर घेतला तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे हसले. बिरादार सर म्हणाले, नकलेचा अभ्यास करायला आलाय. पहिल्या तासाला मी हजेरीत त्याचं नाव घेतलं आणि त्यानं माझ्याच आवाजात उत्तर दिलं, "येस मॅडम." वर्ग खिदळला. मी चष्म्याच्या वरून बघितलं. "घसा माझा आहे," मी म्हटलं, "पण उभं कोण आहे ते दिसतंय मला. हं, मुंदे."

त्याला कुठलं माणूस द्यायचं यावर मी बरेच दिवस विचार केला. शेवटी दिला मेंडल. त्या गावांत एक धंदाच असायचा, लग्नात हसवणाऱ्याचा. मांडवात उभा राहून तो व्याह्यांच्या नकला करायचा, नवरीला आधी रडवायचा आणि मग सगळ्या वऱ्हाडाला हसवायचा. त्याच्याशिवाय लग्न लागायचं नाही. विश्वनाथ खूष झाला, आपल्याला आपल्या जातीचा माणूस मिळाला म्हणाला. दोन-तीन आठवडे मजेत गेले. मेंडल कुणाच्या नकला करत असेल याचे तो वर्गात अंदाज बांधायचा आणि आम्ही हसायचो. हो, त्या वर्गात हसणं होतं. त्याशिवाय माणसं जिवंत होत नाहीत.

मग एक दिवस तास संपल्यावर तो थांबला. "मॅडम, याचा एकबी विनोद राहिला न्हाई का?"

मी म्हटलं, शोधू या.

"मी सगळं शोधायलाव. तो काय बोलायचा ते कुठंच न्हाई. लोक म्हनतेत लई हसवायचा, लई हसवायचा. पन काय म्हनून हसवायचा ते कुनीच सांगत न्हाई. ज्यांनी ऐकलं ते बी गेले की मॅडम."

मीही शोधलं. हैदराबादच्या ग्रंथालयात जाऊन आले, ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं. सापडला नाही. विश्वनाथला ते सांगितलं तेव्हा त्यानं फक्त मान हलवली, नक्कल केली नाही. असं पहिल्यांदाच झालं.

त्याच वर्गात रेणुका होती, तीही हुलसूरची. गप्प मुलगी. हॉस्टेलवर मैत्रिणींचे ब्लाउज शिवून आपला खर्च काढायची. तिला मी हाना दिली होती, डाव्हिदची मुलगी, गावातल्या नवरीमुलींचे लग्नाचे पोशाख शिवणारी. रेणुकानं हानाला हातात धरलं म्हणजे धरलंच. कुठल्या कापडाला कुठली सुई लागते इथपासून तिनं सुरू केलं. शिलाई मशीन काढून घेतल्यावर हाना हातानं शिवत राहिली असेल, कारण नवरीचं माप घेतलेलं होतं, असं तिनं एकदा वर्गात सांगितलं. "माप घेतलं की सोडता येत न्हाई, मॅडम," एवढंच म्हणून खाली बसली. मी इतकी वर्षं तो पेपर शिकवला, मला हे सुचलं नव्हतं.

संक्रांतीनंतर रेणुका गावाहून परतलीच नाही. लग्न ठरलं होतं, परीक्षेच्या आधीची तारीख. मी बस धरून हुलसूरला गेले. तिच्या वडिलांचं बी-खताचं छोटं दुकान होतं. माझं माहेर कोहिनूरचं हे कळल्यावर त्यांनी मला अक्का म्हणायला सुरुवात केली, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत थांबा, पोरीनं सोनं केलंय वर्षाचं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"अक्का, तुमी म्हनता ते खरंच हाय," ते म्हणाले. "पन स्थळ उदगीरचं हाय, पोरगा मास्तर हाय, ते थांबनार न्हाईत. त्या लोकांचं वाईट झालं, लई वाईट झालं. पोरगी घरी येऊन सांगायची तवा मला बी झोप आली न्हाई. पन गेलेल्यांचं बघू का हिचं बघू?"

मला उत्तर आलं नाही असं नाही. ढीगभर आली. पण माझ्या तोंडाचा पट्टा सुटला असता तर मी बसनं परत आले असते आणि भोगलं असतं तिनं. चहाबरोबर सगळी गिळली. निघताना रेणुका दारापर्यंत आली. हातावर मेंदी नव्हती अजून, बोटावर सुईचे टोचे होते.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी हाना दुसऱ्या कुनाला देऊ नका."

"नाही देत," मी म्हटलं.

रेणुका आता उदगीरला आहे, नवरा भला आहे, तिचं शिवणकामाचं दुकान आहे, दोन मुली कामाला आहेत. पण परीक्षा राहिली ती राहिलीच. हे माझ्या मनाला अजून लागून आहे. मी प्रॉक्सी पकडण्यात पटाईत होते, माणसं थांबवण्यात नाही. वर्गात मी सांगितलं, हाना कुणाला मिळणार नाही. विश्वनाथ म्हणाला, बरं मॅडम. आणि पुढच्या तासापासून तिची बाकावरची जागा पोरांनी आपणहून मोकळी ठेवली.

मग गॅदरिंग आलं, माझं शेवटचं. प्राचार्य स्वतः टेबलापाशी आले, तोंडभर हसत. "मॅडम, यंदा विश्वनाथचा आयटम शेवटी ठेवलाय. चीफ गेस्टना सांगून ठेवलंय, थांबायलाच पाहिजे म्हणून. सगळ्यांची इच्छा आहे." पोरांनी फलकावर खडूनं लिहिलं होतं, निरोपाची खास हिटलर मॅडम. प्रेमानंच लिहिलं होतं, भोवती फुलं काढली होती. बिरादार सर म्हणाले, तुमचाच विद्यार्थी आहे, एकदा सांगून टाका ना त्याला, करू नको म्हणून. मी म्हटलं, मुळीच सांगणार नाही. सांगून सोडवलेलं सोंग मी गेल्यावर परत येईल. वर्षभर मेंडलला खांद्यावर घेऊन हिंडलेल्या पोराला आपणहून कळलं नसेल, तर माझ्या सांगण्याला काय किंमत आहे? तोंडानं असं ठणकावलं. पण आतून मी हलले होते. तो मिशी लावून आला असता तर माझं सगळं शिकवणं त्या काजळाच्या ठिपक्याएवढं ठरलं असतं.

त्यात आदल्या दिवशी विश्वनाथ घरी आला. "मॅडम, तुमचा जुना चष्मा असंल तर द्या." मी दिला. देताना चष्म्याचं घर पदरानं उगाच पुसलं. कशाला हवा ते मी विचारलं नाही. तो गेल्यावर मी कपाट जोरात लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव भरला. नाच झाले, कन्नड भावगीत झालं, एक कव्वाली झाली. पाहुणे घड्याळ बघायला लागले तेव्हा निवेदक मुलीनं विश्वनाथचं नाव घेतलं आणि मांडव उसळला. "हिटलर! हिटलर!" मागच्या पोरांनी हात वर करून ठेवले होते.

तो आला. साडी नव्हती. साधा शर्ट, साधी पँट, नाकावर माझा जुना चष्मा. मी आधी ओठ बघितला. स्वच्छ दाढी केलेली, काजळाचा डाग नाही.

विंगेतून दार लावल्याचा आवाज झाला, धाड. पोरं हसली. त्यानं मान वर न करता चष्म्याच्या वरून सगळ्या मांडवाकडं बघितलं, अगदी माझ्यासारखं, आणि तसाच थांबून राहिला. हात हळूहळू खाली आले.

"हजेरी," तो माझ्या आवाजात म्हणाला. हातात कागद नव्हता. "इत्झाक, बापाचं नाव श्लोमो, धान्याचा व्यापारी."

पोरं हसली. विचित्र नावांना आपण हसतोच. तेवढ्यात डाव्या बाजूनं गर्दीतून आवाज आला, "येस मॅडम." मला डोकी दिसत नव्हती, पण घसा मला कळतो. ती आळंदची बसम्मा होती. इत्झाक वर्षभर तिचा होता.

"हं, मुंदे. रिव्का, बापाचं नाव याकोब, पावाची भट्टी."

"येस मॅडम." खांबामागून. औरादचा संतोष.

मला कळलं. माझी सगळी पोरं मांडवात विखरून उभी होती. कुणी सोंग घेतलं नव्हतं, कुणी रडत नव्हतं, कुणी "मी रिव्का" म्हणालं नव्हतं. माझा नियम त्यांनी पाळला होता. ती फक्त गैरहजर माणसाच्या नावाला येस मॅडम म्हणत होती, आमच्या कॉलेजात म्हणतात तसं. नाव, बापाचं नाव, धंदा. येस मॅडम. हं, मुंदे. हसणं कमी होत गेलं. पाहुण्यांनी प्राचार्यांच्या कानात विचारलं, ही कुठल्या वर्गाची मुलं?

"मेंडल, बापाचं नाव लायब, लग्नात हसवणारा."

मग विश्वनाथनं माझा चष्मा काढला आणि आपल्या हुलसूरच्या आवाजात म्हणाला, "येस मॅडम." चष्मा परत लावला. मांडवात आता कुणीच हसत नव्हतं. बिरादार सर माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी रुमाल काढला होता.

"हं, मुंदे. हाना, बापाचं नाव डाव्हिद, शिवणकाम."

उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. रेणुका उदगीरला होती आणि हाना मी कुणाला दिली नव्हती. विश्वनाथला हे ठाऊक होतं. तरी तो मुंदे म्हणाला नाही. थांबला. नाव घेतल्यावर उत्तराची वाट बघत उभं राहायचं, ही त्यानं माझीच खोड उचलली होती. मांडवातली माझी पोरं हळूहळू वर्गातल्या तिच्या मोकळ्या जागेकडं बघावं तसं इकडंतिकडं बघायला लागली.

आयुष्यभर मी एक प्रॉक्सी चालू दिली नाही. लग्नघरच्या पोराची नाही, आजारी पोराची नाही, प्राचार्यांच्या भाच्याची नाही.

मी पहिल्या रांगेत उठून उभी राहिले.

"येस सर," मी म्हणाले.

विश्वनाथनं चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. हा घसा हानाचा नाही, हे त्याला कळत होतं. मी त्याच्या जागी असते तर घसा ज्याचा, त्याचं नाव घेतलं असतं, गावासकट.

"हं," तो म्हणाला. त्यापुढचं मुंदे त्याला म्हणवलं नाही.